‘घरबसल्या’चा अभ्यासक्रम



दहावीचा निकाल लागला की आपल्या बहुतेक गटांकडे बायका एकच प्रश्न घेऊन येतात : पोरीला आता कशाला घालू? भिवंडीत या प्रश्नाला गेल्या काही वर्षांत एक नवं उत्तर मिळायला लागलं आहे. शांतीनगरमधली उर्दू बोलणारी आई असो, पद्मानगरमधली तेलुगू बोलणारी असो, की कामतघरची मराठी बोलणारी, उत्तर जवळजवळ त्याच शब्दांत येतं. ‘कॉम्प्युटरचं, फोटोबिटोचं काहीतरी करू दे. घरबसल्या होतं.’ पूर्वी या जागी शिलाईचा क्लास असायचा, मग ब्यूटी पार्लरचा आला. आता डिजिटल मीडिया आला आहे.

शाळांनीही हे ओळखलं आहे. नववीपासून बारावीपर्यंत मुलांना व्यावसायिक विषय देता येतात आणि त्यांत माध्यमांचाही विषय आहे. तो मुलींना देताना पालकांच्या सभेत काय सांगितलं जातं, ते मी स्वतः ऐकलं आहे. मुलीला बाहेर पडावं लागणार नाही, उन्हातान्हात हिंडावं लागणार नाही, लग्नानंतरही करता येईल, सासरचे नाही म्हणणार नाहीत. बाप माना डोलावतात, आयांनाही हायसं वाटतं. मुलींना त्या सभेत कुणी काही विचारत नाही.

या अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. भिवंडीतल्या प्रत्येक मुलींच्या शाळेत तो असावा, असंच मी म्हणेन. माझं भांडण आहे ते ‘घरबसल्या’ या शब्दाशी. तो शब्द ज्या कारणासाठी पालकांना आवडतो, त्याच कारणासाठी आपण त्याच्याकडे संशयाने पाहायला हवं.

हा विषय नेमका काय आहे, ते आपल्या कार्यकर्तींनी समजून घ्यायला हवं, कारण आयांना ते सविस्तर कुणी सांगत नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम १९८८ पासून सुरू झाले. एमसीव्हीसी म्हणतात ते हेच. पुढे २०१३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा आणला आणि व्यावसायिक विषय नववीपर्यंत खाली आले. भोपाळच्या पंडित सुंदरलाल शर्मा संस्थेने या विषयांचे अभ्यासक्रम आणि पुस्तकं तयार केली आहेत. त्यांत ‘माध्यम आणि मनोरंजन’ या नावाखाली नववी-दहावीला ‘टेक्श्चर आर्टिस्ट’ आणि अकरावी-बारावीला ‘अॅनिमेटर’ अशी कामं शिकवायची आहेत. कॉम्प्युटरवर उभ्या केलेल्या आकृतीला कातडी, लाकूड, दगड, कापड यांचा पोत देणं हे टेक्श्चर आर्टिस्टचं काम. त्या आकृतीला चालतं-बोलतं करणं हे अॅनिमेटरचं. ज्या गावातली पोर नुसता हात लावून हे सुती आणि हे पॉलिस्टर असं सांगते, तिला पोत कळणार नाही असं कोण म्हणेल?

याशिवाय अकरावी-बारावीला माहिती तंत्रज्ञान हा विषय घेता येतो. आयटीआयमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटरचा आणि डीटीपीचा व्यवसाय आहे. शाळा मध्येच सुटलेल्या मुलींना सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावीला बसता येतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करणारीला डेटा एंट्री हा विषयच घेता येतो. हे सगळं एका कागदावर लिहून प्रत्येक गटाने भिंतीवर लावावं. आणखी एक गोष्ट आयांना नीट सांगायला हवी. २००१ पासून घराघरांत पोचलेली एमएस-सीआयटी ही कॉम्प्युटरची ओळख आहे, धंद्याचं शिक्षण नाही. ते प्रमाणपत्र हातात आलं म्हणजे पोरीचं झालं, असं समजून अनेक घरांनी तिचं शिक्षण तिथेच थांबवलं आहे.

सरकारच्या आकड्यांबद्दल फार लिहीत नाही. १९८६ च्या धोरणात म्हटलं होतं की १९९५ पर्यंत अकरावी-बारावीचे २५ टक्के विद्यार्थी व्यावसायिक शिक्षणात असतील. १९९२ मध्ये ती मुदत २००० पर्यंत पुढे ढकलली. २०२० च्या धोरणाने सांगितलं की २०२५ पर्यंत निदान ५० टक्के मुलांना व्यावसायिक शिक्षणाचा अनुभव मिळेल. आणि त्याच २०२० च्या धोरणात अशी कबुलीही आहे की बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाप्रमाणे १९ ते २४ वयाच्या काम करणाऱ्यांपैकी ५ टक्क्यांनाही रीतसर व्यवसाय शिक्षण मिळालेलं नव्हतं. आपल्याकडे ‘व्होकेशनल’ म्हणजे कमी मार्कांच्या मुलांची जागा, ही समजूत शिक्षकांमध्येच इतकी पक्की आहे की हुशार मुलीने हा विषय मागितला तर तिला परावृत्त केलं जातं आणि जिला तो नको असतो तिच्या गळ्यात मारला जातो.

आता भिवंडीकडे येते. हे गाव यंत्रमागांचं आहे आणि इथली अर्थव्यवस्था एका शब्दात सांगायची तर तो शब्द ‘जॉबवर्क’. मागवाल्याचे माग असतात, पण सूत व्यापाऱ्याचं असतं आणि कापडही त्याचंच. मागवाल्याला मिळते ती विणकामाची मजुरी. मागावरून उतरतं ते बहुतेक ग्रे कापड, म्हणजे कोरं, न रंगवलेलं. त्यावर रंग चढतो, छपाई होते, नाव लागतं आणि भाव वाढतो, ते बहुतेक दुसऱ्या शहरांत. आणि या साखळीच्या अगदी खालच्या टोकाला घरात बसून कांड्या भरणाऱ्या, कापडाचे धागे कापणाऱ्या बायका. त्यांना ना हजेरी, ना रजा, ना कुठल्या रजिस्टरवर नाव. नगावर पैसे. दर कुणी ठरवला हे त्यांना माहीत नसतं आणि पैसे कधी मिळतील हेही.

अशा गावात डिजिटल माध्यमाचं ‘घरबसल्या’ काम आलं की त्याची हीच जॉबवर्कची रचना होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. ती झालेलीच आहे. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी बारावीला असताना कपड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी फोटो साफ करायची. ड्रेसचा फोटो यायचा, मागची भिंत काढून पांढरं करायचं, सुरकुत्या घालवायच्या, परत पाठवायचं. प्रत्येक फोटोमागे ठराविक पैसे. मध्ये एक दलाल, तो ओळखीतलाच. चुकलेल्या फोटोचे पैसे कापले जायचे आणि चुकला की नाही हे तोच ठरवायचा. त्या ताई मला म्हणाल्या, ‘मी कांडीवर बसायचे, ही फोटोवर बसते. पाठ दोघींचीही दुखते.’

हे आपल्याला नवं नाही. १९९० च्या दशकात खिळ्यांची छपाई जाऊन डीटीपी आलं तेव्हाही हेच बोललं गेलं होतं. मजकूर घेऊन मी ज्या ज्या छोट्या डीटीपीवाल्यांकडे गेले, तिथे कॉम्प्युटरसमोर मुलगी बसलेली असायची. श्री-लिपीवर झरझर टाइप करणारी, आपल्या शुद्धलेखनाच्या चुकाही न सांगता दुरुस्त करणारी. पानावर पैसे मिळायचे. यंत्र मालकाचं, गिऱ्हाईक मालकाचं आणि पुस्तकावर नाव छापलं गेलं तर मालकाच्या कंपनीचं. उर्दूत त्याच सुमाराला, १९९४ मध्ये, इनपेज आलं आणि हाताने नस्तालीक लिहिणाऱ्या कातिबांचा धंदा बसला. कातिब बहुतेक पुरुष होते, त्यांचं नाव होतं, त्यांना उस्ताद म्हणत. त्यांच्या जागी ज्या मुली कीबोर्डवर बसल्या त्यांना कुणी उस्ताद म्हटलं नाही. काम बाईकडे आलं की त्याची पत घसरते. आपली चळवळ इतकी वर्षं हेच सांगत आली आहे आणि कॉम्प्युटरने त्यात फरक पडलेला नाही.

मग बाहेर काम आहे का? आहे ना! वंजारपट्टी नाका ते अंजूरफाटा एक फेरी मारा. फ्लेक्सची दुकानं, लग्नाच्या पत्रिका, फोटो स्टुडिओ, लग्नाच्या व्हिडिओचं मिक्सिंग करणारे. आणि मुंबई-नाशिक हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळपर्यंत पसरलेली मोठमोठ्या कंपन्यांची गोदामं, जिथून मालाचे फोटो आणि याद्या तयार होऊन देशभर जातात. अॅनिमेशन शिकलेल्या मुलीला अॅनिमेशनचंच काम लगेच मिळेल असं नाही, पण ज्या हातांना कॉम्प्युटरवर चित्राचं काम येतं त्यांना या गावात काम आहे. प्रश्न असा आहे की यांपैकी किती जागी मुलीला बसायला खुर्ची आहे आणि जायला संडास आहे? फ्लेक्सचं काम रात्री चालतं, कारण वाढदिवसाचा बॅनर सकाळी लागायचा असतो. मालक म्हणतो, मुलगी रात्री कशी थांबणार. बाप म्हणतो, नकोच. आणि मुलगी घरी जॉबवर्क करते. म्हणजे मुलीला घरात ठेवायचं आधी ठरतं आणि त्याला शोभेल असं काम मग शोधलं जातं.

बापांना नुसतं दोष देऊन भागणार नाही, हेही लिहिते. या गावाने १९७० आणि १९८४ च्या दंगली पाहिल्या आहेत. आजच्या मुलींच्या आज्या तेव्हा तरुण होत्या, काहींच्या आया तान्ह्या होत्या. कुठल्या नाक्याच्या पलीकडे मुलीला पाठवायचं नाही, हे इथे किलोमीटरमध्ये मोजलं जात नाही. लोकल नाही, भिवंडी रोड स्टेशनला मोजक्याच गाड्या. ठाण्याला किंवा कल्याणला कामाला जायचं तर रिक्षा, एसटी आणि वाहतुकीची कोंडी. संध्याकाळी सातला सुटणारी मुलगी घरी कधी पोचेल हे कुणी सांगू शकत नाही. ही भीती खोटी नाही. पण रस्त्यावरचे दिवे, बस, सुरक्षित रिक्षाथांबा हे मागायच्या ऐवजी मुलीलाच घरात बसवणं हा आपल्या समाजाचा नेहमीचा स्वस्त तोडगा आहे.

आणि फोटोची भीती. माध्यमांचं शिक्षण म्हटलं की कॅमेरा आला, आणि कॅमेरा म्हटला की भिवंडीतल्या कितीतरी घरांत आवाज चढतो. ‘पोरीचा फोटो कुठे जाईल कुणाला माहीत?’ २०२१ च्या जुलैमध्ये आणि पुन्हा १ जानेवारी २०२२ ला मुस्लिम बायकांचे फोटो त्यांच्या नकळत उचलून, ‘लिलावात’ मांडल्याचं दाखवणारी अॅप आली होती, हे विसरता येत नाही. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी अटक केलेल्यांमध्ये इंजिनिअरिंग शिकणारा मुलगा होता, आणि अठरा वर्षांची एक मुलगीही. ही मुलं अडाणी नव्हती. त्यांना साधनं वापरता येत होती. ज्या बायकांचे फोटो वापरले गेले त्यांत पत्रकार होत्या, वकील होत्या, बोलणाऱ्या बायका होत्या. त्यांना गप्प बसवायचं होतं.

यावर मुलीला कॅमेऱ्यापासून लांब ठेवणं हा उपाय कसा होईल? चोरलेला फोटो कसा ओळखायचा, कुणाची परवानगी घेतल्याशिवाय काय वापरायचं नाही, तक्रार करताना कुठला पुरावा जपून ठेवायचा, खातं कसं बंद ठेवायचं, हे जिला येतं ती मुलगी स्वतःलाच नाही तर गल्लीतल्या चार जणींना वाचवू शकते. पाठलाग करणं आणि चोरून चित्रण करणं हे गुन्हे २०१३ पासून कायद्यात आहेत. जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत आले. अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आहे. माध्यमांच्या वर्गात सॉफ्टवेअरच्या जोडीला ही कलमं शिकवली गेली पाहिजेत आणि परीक्षेत त्यावर प्रश्न आला पाहिजे, नाहीतर ते पान कुणी उघडणार नाही.

मुलीकडे मुळात साधन आहे का, हेही पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनी सांगितलं की त्या स्वतः वापरतात असा मोबाइल त्यांच्याकडे आहे. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. आपण घराघरांत फिरतो, आपल्याला माहीत आहे की ‘आहे’ म्हणजे काय. दिवसा भावाकडे, रात्री नवऱ्याकडे आणि मधल्या वेळात तिच्याकडे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. आमच्या ओळखीच्या एका मुलीचा फॉर्म भरताना पासवर्डचा आकडा भावाच्या फोनवर येत होता. भाऊ गोदामात ड्यूटीला. त्याने परस्परच यादीतले विषय बदलले, घराजवळचं कॉलेज पहिलं टाकलं. ती डिजिटल माध्यम शिकायला निघाली होती आणि तिच्या प्रवेशाचं बटण दुसऱ्याच्या बोटाखाली होतं.

माध्यम म्हणजे नुसतं चित्र साफ करणं नव्हे, हे आपल्या चळवळीइतकं कुणाला ठाऊक असणार! १९८४ मध्ये अहमदाबादच्या सेवा संघटनेने भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांच्या हातात व्हिडिओ कॅमेरा दिला आणि त्यांनी आपल्या प्रश्नांवरच्या फिती स्वतः काढल्या. बुंदेलखंडात २००२ मध्ये सुरू झालेलं ‘खबर लहरिया’ ग्रामीण, बहुतांश दलित बायकांनी चालवलं आणि पुढे ते मोबाइलवरच्या बातम्यांपर्यंत नेलं. आपल्याच साताऱ्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी बायकांचा सामुदायिक रेडिओ आहे. या बायका ऑपरेटर नव्हत्या. काय दाखवायचं हे त्या ठरवत होत्या. भिवंडीतल्या मुलीने आपल्या गल्लीतल्या पाण्याच्या रांगेवर तीन मिनिटांची फिल्म केली तर ती या विषयाचं प्रात्यक्षिक म्हणून का चालू नये? तिने उर्दूत, तेलुगूत, मराठीत नीट अक्षरं बसवायला शिकली तर तिला या बहुभाषी गावात काम कमी पडणार नाही. पण शिकवणारे इंग्रजी सॉफ्टवेअरच्या मेनूपलीकडे जात नाहीत आणि नस्तालीक तर बहुतेकांना वाचताच येत नाही.

शिकवणाऱ्यांबद्दल मी कठोर लिहिणार नाही. समग्र शिक्षाखालचे हे प्रशिक्षक शाळेचे नोकर नसतात. खासगी एजन्सीमार्फत कंत्राटावर नेमलेले, मानधनावर, दर वर्षी करार संपतो की चालू राहतो या चिंतेत असलेले. त्यांतल्याही अनेक तरुण मुली आहेत. ज्या शिक्षिकेला स्वतःचं काम पुढच्या जूनमध्ये राहील की नाही माहीत नाही, तिने मुलींना स्थिर व्यवसायाचं स्वप्न दाखवायचं! या शिक्षिकांच्या मागण्यांमागे आपण उभं राहायला हवं.

शाळांपुढे काय मागायचं, याचा विचार आमच्या गटात झाला. प्रत्येक मुलीला आठवड्यातून किती तास यंत्रावर प्रत्यक्ष हात ठेवायला मिळतो ते लेखी हवं. एका कॉम्प्युटरभोवती पाच जणी उभ्या आणि सर एकटे माउस फिरवतात, हा वर्ग नव्हे. शाळा सुटल्यावर दोन तास खोली उघडी ठेवावी, कारण घरी बहुतेकींकडे यंत्र नाही. प्रत्यक्ष कामाचा अनुभव मुलीला बाहेरच्या कामाच्या जागी मिळावा, गटाने मिळून जावं, शाळेची एखादी बाई सोबत असावी, आणि त्या जागी २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याप्रमाणे समिती आहे का हे आधी विचारावं. शिकाऊ मुलीलाही तो कायदा लागू आहे, हे मालकांना माहीत नसतं. बारावीनंतर पदवीचा आणि पदविकेचा रस्ता कुठला, हे प्रवेशाआधीच सांगावं.

एक मुद्दा आमच्यात वादाचा ठरला, तो तसाच मांडते. काही जणींचं म्हणणं होतं की ज्या घरात मुलीचं शिक्षणच थांबणार आहे तिथे ‘घरबसल्या होतं’ असं सांगून का होईना, तिला दोन वर्षं मिळवून द्यावीत. एकदा हातात विद्या आली की ती आपला रस्ता काढेल. मला हे पटत नाही, पण त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांनी अशा दोन मुली दाखवल्या ज्या खरंच पुढे ठाण्याला कामाला जायला लागल्या. मीही अशा अनेक दाखवू शकते ज्या अजून पलंगावर बसून फोटो साफ करताहेत. आणि त्या करतच राहणार असतील तर त्यांना कामगार म्हणून मोजायला हवं. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखी वागणूक द्या, असं सांगणारा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार भारताने मान्य केलेला नाही. पण घरबसल्या काम करणाऱ्यांची व्याख्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि २०२१ पासून ई-श्रम नोंदणी आहे. कांडी भरणाऱ्या आईची आणि फोटो साफ करणाऱ्या मुलीची नोंदणी एकाच दिवशी, एकाच टेबलावर व्हावी, असं शिबिर आम्ही घेणार आहोत.

येत्या प्रवेशांच्या आधी आमच्या गटातल्या बायका तिघी-तिघींनी मिळून भिवंडीतल्या शाळांमध्ये जाऊन येणार आहेत. कॉम्प्युटर किती, त्यांतले चालू किती, प्रशिक्षक किती महिने होते, मुलींपैकी किती जणी कामाच्या जागी प्रत्यक्ष गेल्या, हे विचारणार आहेत. मिळेल ती माहिती पुढच्या अंकात छापू. मालेगाव, इचलकरंजी, सोलापूरच्या गटांनी आपापल्या गावची हीच माहिती अंक बंद होण्याआधी पाठवावी. हाताने लिहिलेली चालेल, टाइप करणाऱ्या मुली आमच्याकडे आहेत आणि त्यांना आम्ही पानावर नाही, तासावर पैसे देतो.